अक्षतांचे मानकरी

लग्नाची पत्रिका हातात पडली की पाहुण्याच्या मनात तीन प्रश्न येतात: किती वाजता पोहोचायचे, आहेर काय करायचा आणि जेवायला कधी बसायचे. हे प्रश्न वरवरचे वाटतात आणि ते मोठ्याने विचारायला माणूस थोडा संकोचतो. पण मराठी लग्नसमारंभ कसा रचला गेला हे समजून घ्यायचे तर याच तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते. वेळेचा प्रश्न साक्षीचा आहे, आहेराचा प्रश्न देवघेवीचा आहे आणि जेवणाचा प्रश्न आपले कोण आणि परके कोण हे ठरवण्याचा आहे. लग्न म्हणजे वधूवर, त्यांचे आईवडील आणि भटजी यांचे कार्य, बाकीची मंडळी शोभेला बोलावलेली, अशी आपली समजूत असते. या प्रकरणाचे म्हणणे नेमके उलटे आहे. महाराष्ट्रातल्या लग्नात पाहुणा प्रेक्षक कधीच नव्हता. विधीत, पुराव्यात, खर्चात आणि मान्यतेत त्याला ठरलेली कामे होती आणि त्यांतली बरीच आजही आहेत. पाहुण्याने लग्नात काय अपेक्षावे, याचे उत्तर लग्न पाहुण्याकडून काय अपेक्षिते त्यातच आहे.

वेळेपासून सुरुवात करू. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो तो ‘१२ वाजून ३३ मिनिटांनी’ अशा नेमकेपणाने. बाकी सगळ्या कार्यक्रमांत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालवून घेणारा समाज इथे मिनिटाला मिनिट मोजतो. घड्याळे नव्हती तेव्हा हे काम घटिकापात्र करत असे. तळाला बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे धरायचे. मुहूर्त जवळ आला की वधूवर समोरासमोर उभे राहतात, मध्ये स्वस्तिक काढलेला अंतरपाट धरला जातो आणि मंगलाष्टके सुरू होतात. ही पद्ये वेळ भरून काढतात आणि माणसे गोळा करतात. मुहूर्ताला अवकाश असेल तर एक-दोन अष्टके जास्त म्हटली जातात. ती म्हणण्याचा अधिकार एकट्या भटजींचा नाही. मुलीची मावशी, मुलाची आत्या, गावातला एखादा गाता गळा, कोणीही पुढे येऊन म्हणतो, आणि घरातल्या बायकांनी रचलेल्या अष्टकांत दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावे गुंफलेली असतात. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस सारा मांडव वधूवरांच्या दिशेने अक्षता टाकतो. शेवटचे कडवे संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजते, हार घातले जातात आणि ‘लग्न लागले’ असे सगळे म्हणतात.

या काही मिनिटांचे वेगळेपण असे की दिवसभरातल्या बाकी कोणत्याही विधीला सर्वांच्या हाताची गरज पडत नाही. हळद लावतात त्या सुवासिनी, कन्यादान करतात ते आईवडील, होम होतो तो भटजींच्या सांगण्यावरून. अक्षता मात्र मांडवातल्या प्रत्येकाच्या मुठीत आधीच दिलेल्या असतात, मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्याही. अक्षता म्हणजे न तुटलेले, कुंकवाने रंगवलेले तांदूळ. जिथे भातापेक्षा ज्वारी मुख्य पीक आहे तिथे ज्वारीच्याही अक्षता करतात आणि अलीकडे धान्य पायदळी जाऊ नये म्हणून पाकळ्या वाटतात. मागच्या रांगांतल्या अक्षता वधूवरांपर्यंत पोहोचत नाहीत, पुढच्यांच्या डोक्यावर पडतात. तरी त्या टाकल्याच जातात, कारण त्या कुठे पडल्या यापेक्षा कोणी टाकल्या याला महत्त्व आहे. आशीर्वाद हा त्यांचा उघड अर्थ. दुसरा, तितकाच जुना अर्थ संमतीचा आहे: हे लग्न माझ्या डोळ्यांदेखत लागले आणि मला ते मान्य आहे. म्हणून मुहूर्तानंतर आलेला पाहुणा जेवला, आहेर देऊन गेला, तरी ‘अक्षता काही मिळाल्या नाहीत’ अशी हळहळ व्यक्त करतो. त्याचे मुख्य काम राहून गेलेले असते.

सर्वसाधारण पाहुण्यापलीकडे काही पाहुण्यांना नेमून दिलेली कामे असतात. वधूला बोहल्यावर आणतो तो मामा. तिच्या मागे दिवा घेऊन उभी राहते ती करवली. लाजाहोमाच्या वेळी वराचा कान पिळून मानाची वस्तू वसूल करतो तो वधूचा भाऊ. गावगाड्यात ही यादी नात्यापलीकडे जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे आणि हक्कांचे जे तपशील आहेत, त्यांतून दिसते की गावातले कार्य एका घराचे राहत नसे. कुंभाराने बोहल्याची मडकी आणायची, गुरवाने पत्रावळी पुरवायच्या, परटाने पायघड्या अंथरायच्या आणि प्रत्येकाने आपला मान घ्यायचा. लग्न मोडायचे असेल तर एवढ्या सगळ्यांना उत्तर द्यावे लागे. एका घराने दिलेला शब्द मागे घेणे सोपे असते, पण साऱ्या गावाच्या हातून पार पडलेले कार्य नाकारणे फार अवघड.

कायदा आणि लोकरीत यांच्यात इथे एक गमतीचा फरक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ सांगते की दोघांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे विवाह करता येतो आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे सप्तपदीची चाल असलेल्या घरांत कायद्याच्या दृष्टीने लग्न होते ते होमानंतर, अग्नीच्या साक्षीने. पण मराठी लग्नात त्या वेळी मांडवात कोण असते? घरची चार माणसे, भटजी आणि फोटोग्राफर. बाकीचे पाहुणे जेवायला गेलेले असतात, कारण त्यांच्या दृष्टीने लग्न अंतरपाट दूर झाला तेव्हाच लागले. शास्त्राचा आणि कायद्याचा परमोच्च क्षण वेगळा आणि समाजाचा वेगळा. शास्त्राला अग्नी साक्षीदार म्हणून पुरतो, समाजाला माणसे लागतात. या फरकाचा परिणाम कोर्टातही झाला आहे. १९६५ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दुसऱ्या लग्नाच्या एका फौजदारी खटल्यात हार घालणे, कपाळाला कपाळ लावणे असे विधी झाल्याची साक्ष होती, पण होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही आणि ते विधी रूढीने वगळले गेले आहेत असेही दाखवता आले नाही. न्यायालयाने तो कायद्याच्या अर्थाने विवाहच मानला नाही आणि आरोपी सुटला. २०२४ साली त्याच न्यायालयाने हिंदू विवाह म्हणजे गाणे-बजावणे आणि खाणे-पिणे नव्हे, विधी न करता केवळ नोंदणीचा दाखला मिळवल्याने विवाह होत नाही, असे स्पष्ट केले. पंक्ती झाल्या म्हणून लग्न झाले असे कायदा मानत नाही, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे.

तरीही पाहुणा कायद्याच्या नजरेबाहेर नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ५० मध्ये नातेसंबंध सिद्ध करण्यासाठी जवळच्या माणसांचे वर्तन विचारात घेता येते असे सांगितले होते आणि त्याखाली दिलेले उदाहरणच लग्नाचे होते: दोघांचे लग्न झाले होते का असा प्रश्न असेल, तर त्यांचे मित्र त्यांना पतिपत्नी म्हणून वागवत होते ही गोष्ट पुराव्यात येऊ शकते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. घटस्फोटाच्या दाव्यात किंवा द्विभार्येच्या खटल्यात एवढा पुरावा पुरेसा नाही, असा अपवादही त्याच कलमात आहे. पण वारसाहक्क, पोटगी, पेन्शन अशा रोजच्या झगड्यांत ‘आम्ही त्या लग्नाला होतो’ हे वाक्य एखाद्या बाईला तिचा हक्क मिळवून देऊ शकते. विवाह नोंदणीची सक्ती असावी असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने धरला तो २००६ साली. त्यापूर्वीच्या कितीतरी पिढ्यांचा विवाहाचा दाखला हा जिवंत माणसांच्या स्मरणात होता. आजही महाराष्ट्रात विवाह नोंदवताना तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि लग्नाची पत्रिका, लग्नाचा फोटो पुरावा म्हणून मागितला जातो. विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यापुढे होणाऱ्या लग्नालाही तीन साक्षीदार लागतात. मंत्र, अग्नी, वरात सगळे गळून गेले तरी शेवटी तीन पाहुणे उरतातच.

पण साक्ष ही अर्धीच गोष्ट आहे. हजेरी म्हणजे मान्यता, हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अधिक ठळकपणे दिसते, विशेषतः जिथे हजेरीची शिक्षा झाली तिथे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला होता. म्हणजे अडचण कायद्याची उरली नव्हती. तरी १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत पुनर्विवाह घडवून आणला गेला, तेव्हा त्याला उघड पाठिंबा देणाऱ्या सुधारकांवर बहिष्कार पडला. महादेव गोविंद रानडे त्यांत होते. वधूवरांना दोष देऊन सनातन्यांचे समाधान झाले नाही. त्या लग्नाला ज्यांनी आपली प्रतिष्ठा दिली, त्यांनाही त्यांनी अपराधी धरले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला, तेव्हा मुरुड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले आणि घरच्यांनी त्यांना जवळ केले तर त्यांच्यावरही तीच वेळ येईल असा धाक घातला. यातला तर्क सरळ होता: जो येतो, जो शेजारी बसतो, जो जेवतो, तो मान्यता देतो. लग्नाला जाणे ही कृती आहे हे सुधारकांच्या विरोधकांना पक्के ठाऊक होते.

हाच तर्क उलट्या बाजूने आजच्या कायद्यात आला आहे. वाळीत टाकण्याचे हत्यार आपल्या काळापर्यंत चालत राहिले म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. एखाद्याला समाजाच्या समारंभात भाग घेऊ न देणे, त्याच्या घरच्या लग्नाच्या किंवा अंत्यविधीच्या आड येणे हे त्यात गुन्ह्याचे प्रकार म्हणून मोजले आहेत. कोणी लग्नाला आले नाही तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी या कायद्याची गरज का पडली हे पाहावे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा त्याही पुढे जातो. बालविवाहाला प्रोत्साहन देणे, तो होऊ देणे, निष्काळजीपणे तो न थांबवणे यांच्या जोडीला त्या विवाहाला हजर राहणे किंवा त्यात सहभागी होणे याचाही त्यात उल्लेख आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. ‘आम्ही फक्त अक्षता टाकायला गेलो होतो’ हा बचाव तिथे ठिसूळ ठरतो. अक्षतांचा जो अर्थ परंपरेने मानला तोच कायद्याने उचलला: टाकणाऱ्याने होकार दिला.

विवाहपद्धती बदलणाऱ्यांनी काय टाकले आणि काय ठेवले हेही बोलके आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह लावला. त्यात ब्राह्मण पुरोहिताला जागा नव्हती. १८८७ साली फुल्यांनी समाजाच्या पूजाविधींची पुस्तिका काढली, तीत मराठी मंगलाष्टके दिली आणि वधूवरांनाच एकमेकांशी बोलते केले. म्हणजे पुरोहित गेला, संस्कृत गेले, पण मंगलाष्टके राहिली आणि ती ऐकायला जमलेली माणसेही राहिली. बौद्ध विवाहात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण-पंचशील घेतले जाते, वधूवर प्रतिज्ञा करतात. मुहूर्त नाही, होम नाही, कन्यादान नाही, पण समोर बसलेला समाज आहे आणि आशीर्वाद म्हणून पडणारी फुले आहेत. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर तामिळनाडूने १९६७ साली स्वाभिमान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातले आणि पुरोहिताची गरज काढून टाकली, तेव्हाही ‘नातेवाईक, मित्र किंवा इतर व्यक्तींच्या उपस्थितीत’ ही अट ठेवली. मुस्लिम निकाहात साक्षीदार लागतात. वसईच्या चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावे लोकांपुढे वाचली जातात, ती कोणाला हरकत असेल तर त्याने बोलावे म्हणून. धर्म बदलला, भाषा बदलली, देव आला किंवा गेला, तरी पाहुण्याची जागा कोणी रिकामी केली नाही. जे सर्व पद्धतींत टिकते ते सजावट असण्याचा संभव कमी.

आता आहेर. आहेर म्हणजे निव्वळ भेट असती तर तो लिहून ठेवला गेला नसता. मराठी लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात विश्वासातला माणूस वही घेऊन बसतो आणि कोणी किती रुपये, कोणते भांडे, कोणती साडी दिली हे नावानिशी टिपतो. पुढे त्या घरी कार्य निघाले की ही वही उघडली जाते आणि आलेल्या आहेराइतका किंवा थोडा वरचढ आहेर केला जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास मांडले की पारंपरिक समाजांत देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात. आहेराची वही हे त्याचे ढळढळीत उदाहरण. एका घराला एका दिवसात न पेलणारा खर्च शंभर घरांवर वाटायचा आणि वर्षानुवर्षे तो फिरता ठेवायचा, अशी ही बिनव्याजी भिशी आहे. कायद्यानेही तिची दखल घेतली. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात मागणी न करता दिलेल्या, रूढीला धरून आणि ऐपतीच्या मानाने अवाजवी नसलेल्या भेटींना सूट आहे, मात्र त्यांची यादी ठेवली पाहिजे असे बंधन आहे आणि १९८५ च्या नियमांत ती यादी कशी ठेवायची हे सांगितले आहे: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते. वधूवरांना विवाहप्रसंगी मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही. म्हणजे कोपऱ्यातली वही हा नुसता रिवाज नाही. मुलीला काय मिळाले होते याचा तो पुढे उपयोगी पडणारा कागद आहे. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आता अनेक पत्रिकांवर असते. तिच्यामागे नम्रता असते आणि आणखीही एक गोष्ट असते: या घराला कोणाचे देणे अंगावर घ्यायचे नाही. पाहुण्याने ती ओळ मनापासून पाळावी. ती ओळ नसेल, तर आपल्या ऐपतीतला आहेर करावा. परत करणाऱ्याची कुचंबणा होईल एवढा मोठा आहेर करू नये.

तिसरा प्रश्न जेवणाचा. पंगतीत पानावर डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी असा क्रम असतो. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी, मठ्ठा हा पुण्याकडचा थाट, विदर्भात वरणभात, वांग्याची भाजी आणि बुंदी, खानदेशात वरण-बट्टी. पदार्थ प्रांताप्रमाणे बदलतात. न बदलणारी गोष्ट ही की यजमान स्वतः पंगतीत फिरून आग्रह करतो, जोडप्याकडून नाव घेऊन घास भरवण्याचा कार्यक्रम होतो, आणि विहिणीच्या पंगतीला रांगोळी, उदबत्त्या आणि चेष्टामस्करीची गाणी असतात. शेजारी बसून एकाच वाढणाऱ्याच्या हातचे जेवणे हा दोन घराण्यांच्या बरोबरीचा जाहीर कबुलीजबाब असे. म्हणून मानपानाची भांडणे कायम पंगतीत होत. कोण कोणाशेजारी बसला यावरून नाते किती जवळचे ते लोक ओळखत.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. ज्या पंगतीला आपण बरोबरीचा कबुलीजबाब म्हणतो ती सर्वांना खुली कधी होती? नव्हतीच. जातीप्रमाणे पंक्ती वेगळ्या बसत. ज्या मांगांच्या वाजंत्रीवाचून वरात निघत नसे त्यांना मांडवाच्या आत जागा नव्हती आणि जेवण बाहेर मिळे. स्त्रियांच्या पंक्ती पुरुष उठल्यावर बसत, आणि विधवेला मंगल कार्यात पुढे येण्याची मुभा नसे. हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि तो झटकता येत नाही. पण त्याने मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, उलट तो पक्का होतो. पंगतीत बसवण्याला काही अर्थ नसता तर कोणाला पंगतीबाहेर ठेवण्यालाही अर्थ राहिला नसता. वगळण्याची एवढी काटेकोर व्यवस्था ठेवावी लागली ती आत बसलेल्याच्या हजेरीला मोल होते म्हणूनच. त्यामुळे बुफेवर सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी थोडे थांबावे. हातात ताट घेऊन उभ्याने जेवण्यात आग्रहाची मजा गेली हे खरे, पण कोण कोणाशेजारी बसणार हा जुना, बोचरा प्रश्नही त्याबरोबर गेला. आपण नव्या लग्नाकडून जुन्या पंगतीचा आग्रह जरूर मागावा, तिची उतरंड मागू नये.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. पाहुणे इतके महत्त्वाचे, तर कायदा त्यांची गर्दी का मागत नाही? वर उल्लेखिलेल्या तामिळनाडूच्या कलमाबाबतच सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की स्वाभिमान विवाहाला जाहीर समारंभाची किंवा उघड घोषणेची गरज नाही. हा निकाल योग्यच आहे. घरच्यांचा विरोध असणाऱ्या जोडप्याला जमाव जमवायला लावणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे. पण यातून निघते ते एवढेच की वैधतेसाठी किमान किती लागते हे कायदा सांगतो. ते लग्न निभावण्यासाठी किती लागते हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. पळून जाऊन नोंदणी विवाह केलेली अनेक जोडपी पुढे वातावरण निवळले की स्वागत समारंभ ठेवतात. दाखला तर त्यांच्याकडे आधीच असतो. मग ते कशासाठी माणसे बोलावतात? दाखल्याने न मिळणारी मान्यता त्या मंचापुढच्या रांगेतून मिळते म्हणून.

तिसरा आक्षेप महामारीने दिला. मे २०२० मध्ये लग्नाला ५० पाहुण्यांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्राने ती २५ वर आणली: एकच सभागृह, एकच समारंभ, दोन तासांच्या आत आणि नियम मोडल्यास ५० हजार रुपये दंड. तरी लग्ने लागली आणि ती जोडपी संसारही करत आहेत. तेव्हा हजार पाहुण्यांचा खटाटोप निरर्थक होता असे सिद्ध झाले नाही काय? संख्येबाबत झाले, पाहुण्यांबाबत नाही. तेव्हाही कोणी शून्य पाहुणे ठेवले नाहीत, आणि उरलेल्यांना थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली गेली. साक्षीचे काम २५ माणसांनी होते. हजारांनी ते चाळीस पट चांगले होत नाही. किंबहुना मंचावर चढून फोटो काढण्यासाठी तासभर रांगेत उभा राहणारा, वधूचे नाव पत्रिकेत वाचून आलेला पाहुणा साक्षीदारही नसतो आणि मान्यता देणाराही नसतो. त्याला शोभेला बोलावलेले असते. सुरुवातीला सांगितलेली चुकीची समजूत खरी होते ती अशा लग्नांत.

खर्चाचा आक्षेप याच धाग्याचा. लग्नाने शेतकरी बुडतो हे वाक्य फार जुने आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने ते तपासले आणि कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे असा निष्कर्ष काढला. हा खर्च ऐपतीच्या मानाने जड असतो, पण क्वचित येतो आणि कर्जाचे मूळ तो सहसा नसतो, असे आयोगाचे म्हणणे होते. याचा अर्थ आजच्या उधळपट्टीला त्या अहवालाचा आधार मिळतो असा नाही. त्या काळी खर्चाचा मोठा भार आहेर, बलुते आणि घरच्या धान्यातून गाव उचलत असे. आज मंगल कार्यालय, केटरर, डीजे, फोटोग्राफर यांना रोख पैसे द्यावे लागतात आणि ते एकट्या घराच्या खिशातून जातात, बहुधा मुलीच्या बापाच्या. पाहुणा खर्चातला भागीदार होता तोवर त्याची संख्या वाढली तरी भार वाटला जाई. तो नुसता ग्राहक झाला की प्रत्येक पानागणिक कर्ज वाढते. म्हणून दोष पाहुण्यांना बोलावण्यात नाही. त्यांना कामाशिवाय बोलावण्यात आहे.

तेव्हा मराठी लग्नाला जाणाऱ्याने काय धरून चालावे? मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे, कारण दिवसातले आपले खरे काम त्या काही मिनिटांत आहे. अक्षता जोराने न फेकता हलकेच टाकाव्यात. सप्तपदीला थांबता आले तर अवश्य थांबावे. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची साक्ष तिथे आहे आणि तिथेच माणसे सर्वांत कमी असतात. वधू अल्पवयीन असल्याचा किंवा पैशांची मागणी झाल्याचा संशय असेल, तर गप्प बसून जेवून येऊ नये, कारण तिथे हजेरी हाच होकार ठरतो. बालविवाह होत असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवता येते. आणि यजमानांनी यादी करताना प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: उद्या या मुलीवर किंवा मुलावर वाईट वेळ आली, तर हा माणूस ‘मी त्या लग्नाला होतो’ असे सांगायला उभा राहील का? ज्यांच्याबद्दल उत्तर हो असेल त्यांना आग्रहाने बोलवावे. बाकीच्यांना पेढ्यांचा पुडा पाठवला तरी पुरे.